उतारवयाची मैफल : ज्येष्ठ गायक, मंडळी आणि समीक्षेची जबाबदारी

प्रास्ताविक

ज्येष्ठ कलावंताच्या कार्यक्रमाविषयी मराठीत जे परीक्षण छापून येते, त्याची भाषा गेल्या कित्येक दशकांत फारशी बदललेली नाही. वयावर मात, आवाजातील कायम राहिलेला तजेला, रसिकांची तृप्ती असे तीन-चार शब्दसमूह त्यात ठरलेले असतात. त्याच कार्यक्रमाहून परतणाऱ्या जाणत्या श्रोत्याच्या तोंडी मात्र निराळे वाक्य असते. यांना पूर्वी ऐकायला हवे होते, असे तो म्हणतो. पहिली भाषा कृतज्ञतेची आहे, दुसरी स्मरणरंजनाची. दोहोंमध्ये जे हरवते ते प्रत्यक्ष त्या संध्याकाळचे गाणे. दीर्घकाळ रंगमंचावर असलेला कलावंत किंवा कलावंतांचा समूह तारुण्यात अधिक चांगला की उतारवयात, हा प्रश्न म्हणूनच वरवर गप्पांचा वाटला, तरी समीक्षेच्या दृष्टीने तो गंभीर आहे. त्याचे उत्तर सवयीने दिले गेले, तर त्याची किंमत दोघांना मोजावी लागते. एक, ज्याला कोणी खरे सांगत नाही असा वृद्ध कलावंत; आणि दुसरा, प्रत्यक्षात कोणी नीट न ऐकलेल्या आख्यायिकेशी ज्याची तुलना होत राहते असा तरुण कलावंत.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न प्रामुख्याने रॉक संगीतातील जुन्या बँडविषयी विचारला जातो. (मराठीत 'बँड' म्हटले की आधी लग्नाची वरात डोळ्यांसमोर येते, हा भाग वेगळा.) लंडनमध्ये १९६२ साली स्थापन झालेला 'रोलिंग स्टोन्स' हा गट एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला, तेव्हा त्याचा मुख्य गायक मिक जॅगर ५९ वर्षांचा होता. २०२१ साली या गटाचे तालवादक चार्ली वॉट्स निवर्तले. तरीही २०२४ साली, जॅगर ऐंशीचे असताना, गटाने पुन्हा दौरा केला. अशा गटापुढील अडचण स्पष्ट आहे. त्याची गाणी विशीत ध्वनिमुद्रित झाली आणि तीच रूपे प्रमाण ठरली. श्रोता तिकीट काढतो ते त्या ध्वनिमुद्रिकेच्या पुनःप्रत्ययासाठी. म्हणजे येथे कलावंताची तुलना दुसऱ्या कोणाशी होत नसून त्याच्याच तारुण्याशी होते आणि त्या तारुण्याची प्रत प्रत्येकाच्या घरी असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न याच स्वरूपात उभा राहत नाही. येथे समूह म्हणजे नाटक मंडळी, भजनी मंडळी किंवा मुख्य गायकाभोवती बसलेला साथसंगतीचा ताफा. आणि येथे ध्वनिमुद्रिकेचे स्थानही बरेच निराळे राहिले आहे. प्रस्तुत लेखात बालगंधर्वांचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवून, वयाचा परिणाम आवाजापेक्षा कलाप्रकाराच्या मागणीवर कसा अवलंबून असतो, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पुराव्याचा प्रश्न

तेव्हा आणि आता यांची तुलना करायची, तर दोन्हींचा पुरावा एकाच जातीचा हवा. हिंदुस्थानी संगीतात तो बहुतेक वेळा नसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गायकांचे तारुण्य ७८ फेऱ्यांच्या तबकडीत बंदिस्त आहे. त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत. ज्या ख्यालास मैफलीत पाऊण तास लागे, तो तेवढ्यात आटपावा लागे. पुढे दीर्घवादन तबकडी आली, ध्वनिफीत आली, खाजगी मैफलींची मुद्रणे होऊ लागली. परिणामी अनेक थोर गायकांचे तारुण्य तीन मिनिटांचे आणि वार्धक्य तासाभराचे, अशी विषम सामग्री अभ्यासकाच्या हाती येते. तरुणपणीचा गायक चपळ आणि आटोपशीर होता व म्हातारपणी तो विस्तारशील आणि चिंतनशील झाला, असे विधान सर्रास केले जाते. यातील किती भाग गायकाच्या प्रवासाचा आणि किती यंत्राच्या प्रगतीचा, हे वेगळे काढण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे, कारण त्यांच्या बाबतीत निदान कालमर्यादा दोन्हीकडे सारखी आहे. १८७२ साली जन्मलेल्या खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणे १९०५च्या सुमाराची, म्हणजे त्यांच्या तेहतिशीच्या आसपासची. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या मध्यास, साठी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा तबकड्या दिल्या. आज ज्या अब्दुल करीम खाँना मराठी श्रोता ओळखतो, ते हे दुसरे. पहिल्या मुद्रणांत जोरकस, काहीसा उघडा आवाज आणि तानेची घाई आहे. दुसऱ्यांत स्वर आत वळलेला, नाजूक आणि आर्त आहे. किराणा गायकीची जी प्रतिमा पुढे रूढ झाली, ती या साठीनंतरच्या आवाजावर उभी आहे. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना त्यांचे निधन झाले. ती शेवटच्या वर्षांतील मुद्रणे झाली नसती, तर हा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

तथापि येथेही निष्कर्षाची घाई करून चालत नाही. १९०५ साली ध्वनिमुद्रण कर्ण्यात गाऊन होत असे. कर्ण्यापुढे हलका स्वर उमटतच नसे. गायकास आवाज फेकावाच लागे. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि ध्वनिक्षेपकापुढे कुजबुजता स्वरही टिपला जाऊ लागला. तेव्हा तेहतिशीतील जोर आणि साठीतील नाजूकपणा हे दोन्ही काही प्रमाणात यंत्राचे दान आहे. तरीही दुसऱ्या मुद्रणांतील स्वरलगावाची निश्चिती, थांबण्याची आणि पुन्हा उचलण्याची जागा, ही यंत्र देऊ शकत नाही. ती मिळालेली आहे वयाने.

केसरबाई केरकरांच्या बाबतीत 'तारुण्य' हा शब्दच फसवा ठरतो. १८९२ साली गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंची उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडील सलग तालीम १९२१ साली, म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी सुरू झाली. जयपूर गायकीतील केसरबाई कलावंत म्हणून घडल्या त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या तबकड्या प्रौढ वयाच्या आहेत. त्यांपैकी एक भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. या घटनेचा उल्लेख अभिमानाने वारंवार होतो. पण आजच्या श्रोत्याच्या कानी असलेल्या केसरबाई मुख्यत्वे साडेतीन मिनिटांच्या मापाच्या आहेत, याची जाणीव त्याबरोबर ठेवली जात नाही.

बालगंधर्व : एक आवाज, दोन कलाप्रकार

नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्याइतके प्रेम मराठी प्रेक्षकाने दुसऱ्या कोणत्याही नटावर क्वचितच केले असेल. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश, १९११ साली 'मानापमान'मधील भामिनी, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, १९१६ साली 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'मधील सिंधू हा आलेख सर्वपरिचित आहे. यातील सर्व भूमिका त्यांनी एकतिसाव्या वर्षापर्यंत उभ्या केल्या. पुढील आयुष्यभर प्रेक्षक त्यांच्याकडून याच भूमिका मागत राहिला.

गंधर्व मंडळी हा त्या काळातील खऱ्या अर्थाने एक वाद्यवृंदासहित समूह होता. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ एका नाटक कंपनीस लाभावी, ही गोष्टच अपूर्व. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि हा संच यांमुळे बालगंधर्वांचे पद दर प्रयोगाला नवे होई. 'वन्समोअर' घेत एकच पद पुनःपुन्हा गाताना ते त्याचे रूप बदलत. पदाचा विस्तार हा मैफलीचा गुण. त्याला वय बाधत नाही, उलट वयाबरोबर तो वाढतो. परंतु हे पद गाणारी रुक्मिणी होती आणि रुक्मिणी उपवर राजकन्या आहे.

येथे या कलेतील अंतर्विरोध उघड होतो. संगीत नाटकात गळा आणि देह यांची मागणी एकाच वेळी असते. तारुण्यात ती दोन्ही एकमेकांना पोसतात. चाळिशीनंतर ती एकमेकांविरुद्ध जाऊ लागतात. गळ्याची समज वाढत असते आणि शालू नेसलेला देह त्या समजेला साथ देत नाही. बालगंधर्वांनाही हे उमगले नसेल, असे मानण्याचे कारण नाही. १९३१ साली मंडळीने ना. वि. कुळकर्णी यांचे 'कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले. नायिका संतकवयित्री, पदे अभंगांची. बालगंधर्व तेव्हा ४३ वर्षांचे होते. शृंगाराकडून भक्तीकडे झालेली ही वाटचाल केवळ आध्यात्मिक ओढीतून आली असे नेहमी सांगितले जाते. ती ओढ खरीच असेल. परंतु वाढत्या वयाच्या गायकनटासाठी अभंग हा कलादृष्ट्याही योग्य आश्रय होता, हे त्यात दडून जाते. अभंग गाणाऱ्याचे वय श्रोता विचारत नाही.

१९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. चित्रपटाचा कॅमेरा देहाच्या बाबतीत रंगमंचाहून अधिक निर्दय असतो; पुरुषभूमिकेने ती अडचण टळली. पण ज्या प्रेक्षकाने बालगंधर्वांना स्त्रीवेषात पाहिले होते, त्याला दाढीमिशांतील बालगंधर्व पुरेसे वाटले नाहीत. चित्रपटाचा मार्ग त्यांनी पुढे सोडला. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका खऱ्या स्त्रीकडे जाऊ लागल्या. प्रेक्षकाने हा बदलही मनापासून स्वीकारला नाही. कर्ज, मंडळीची विस्कटलेली घडी, बोलपटाची स्पर्धा ही पडझडीची कारणे खरी आहेत. त्यांत प्रेक्षकाच्या हट्टाचीही भर घालावयास हवी. त्याला बालगंधर्व हवे होते, पण फक्त १९१६ सालचे.

उतारवयात बालगंधर्व बैठकीत भजने गात, तेव्हा काय घडे? तोच गळा, तेच उच्चार, शब्द सोडताना स्वराला दिलेले तेच हळुवार वळण. फरक एवढाच की आता त्यांना कोणी उपवर राजकन्या व्हावयास सांगत नव्हते. दम कमी झालेला, वरचा षड्ज जपून घेतलेला. पण ही उणीव भजनात खटकत नाही, कारण भजनाने तिची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. एकाच माणसाचा एकाच वयातील एकच आवाज रंगमंचावर अपुरा आणि बैठकीत पुरेसा ठरू शकतो, हे यातून दिसते. बालगंधर्व तेव्हा चांगले की नंतर, असे विचारणाऱ्याने आधी कोठे, हे विचारले पाहिजे.

'संयुक्त मानापमाना'ची आठवण येथे अपरिहार्य आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या त्या प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव एकतिसाव्या वर्षी निवर्तले. मराठी मनात केशवराव कायम एकतीस वर्षांचे आहेत. त्यांचा आवाज कधी उतरला नाही, त्यांच्या प्रयोगाला कधी रिकाम्या खुर्च्या दिसल्या नाहीत. बालगंधर्वांना मात्र पुढे आणखी ४६ वर्षे जगावे लागले आणि प्रत्येक वर्षी त्यांची तुलना त्या जुलैतील रात्रीशी होत राहिली. अकाली गेलेल्या कलावंताच्या कीर्तीत मृत्यूचा जो वाटा असतो, तो वजा करण्याचे धैर्य मराठी नाट्येतिहासात फारसे दिसत नाही.

वयाला जागा देणारी भूमिका

संगीत नाटक वयाला शत्रूच मानते असे मात्र नाही. २४ डिसेंबर १९६७ रोजी नाट्यसंपदेने रंगमंचावर आणलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन झाले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. वसंतरावांची बरीच वर्षे लष्करी हिशेबखात्यातील नोकरीत गेली होती. गंधर्व मंडळीच्या नियमाने पाहता ४७ हे नायकाचे वय नव्हे. परंतु जितेंद्र अभिषेकींच्या संगीतातील हा खाँसाहेब प्रौढ आहे. त्याच्या गाण्यात मत्सर, गर्व आणि पश्चात्ताप मुरलेला असावा लागतो. ज्या गुणांसाठी वसंतरावांना तरुणपणी उपेक्षा सोसावी लागली, तेच गुण येथे भूमिकेची गरज बनले. २०१० साली त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी हीच भूमिका तिशीच्या उंबरठ्यावर केली. गळा अत्यंत तयार. तरीही भूमिकेतील थकवा त्यांना अभिनयाने निर्माण करावा लागला. येथे प्रथमच एका तरुण मराठी गायकनटाची तुलना पूर्वजाच्या तारुण्याऐवजी त्याच्या प्रौढत्वाशी झाली. नायकाचे वय वाढवून दारव्हेकरांनी मराठी संगीत रंगभूमीचा एक जुना पेच सोडविला, ही बाब नाटकाच्या लोकप्रियतेच्या चर्चेत दुर्लक्षितच राहिली आहे.

उतरणारा आणि बदलणारा आवाज

आवाज उतरणे आणि आवाज बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या १९३०च्या दशकातील तबकड्या ऐकणाऱ्यास आपण भलत्याच गायिकेची तबकडी लावली असे वाटावे, इतका तो आवाज बारीक आणि चढा आहे. घशाच्या विकारानंतर तो खाली आला, रुंद झाला, जवळजवळ पुरुषी झाला. रूढ निकषावर ही हानी होय. गंगूबाईंनी त्या आवाजाच्या मापाचे गाणे घडविले आणि पुढील श्रोत्यांनी त्यांना त्याच आवाजाने ओळखले. मार्च २००६ मध्ये, कारकिर्दीची ७५ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, त्यांनी अखेरची मैफल केली.

मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांची कथा याहून वेगळी. १९३०च्या दशकातील त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नीळकंठबुवा मिरजकरांच्या ग्वाल्हेर तालमीची छाप आहे. त्यानंतर मंजी खाँ आणि १९३७ साली त्यांच्या निधनानंतर बुर्जी खाँ यांच्याकडून त्यांना जयपूर गायकी मिळाली. देशभर त्यांचे नाव झाले ते पन्नाशी-साठीनंतर. पद्मश्री १९७०, पद्मभूषण १९७६ आणि पद्मविभूषण १९९२ हा सन्मानांचा क्रमही तेच सांगतो. म्हणजे तरुण मन्सूर आणि वृद्ध मन्सूर यांची तुलना करताना आपण वस्तुतः दोन घराण्यांची तुलना करीत असतो. वृद्धपणीच्या त्यांच्या मैफलीत प्रास्ताविक आलापीला फारसा वेळ नसे. ते थेट बंदिशीत शिरत आणि अनवट रागाची गुंतागुंत पहिल्या आवर्तनापासून उलगडू लागत. कृश देह आणि मर्यादित आवाज असूनही ते गाणे कोठे थकलेले वाटत नाही, याचे कारण त्यातील विचाराचा वेग कमी झालेला नव्हता.

वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर केली. किराण्यात स्वराचे, आग्र्यात लयीचे प्राधान्य आणि जयपुरात दोहोंचा तोल, असे तिचे सूत्र आहे. हे सूत्र वयाच्या प्रश्नास लावून पाहण्यासारखे आहे. वाढत्या वयात दम आणि तारसप्तकाची सहजता ही प्रथम कमी होतात, तर लयीची जाण सहसा शाबूत राहते. केवळ या हिशेबाने पाहता स्वरप्रधान गायकीस वय अधिक बाधावे. अब्दुल करीम खाँची साठीनंतरची मुद्रणे या अपेक्षेला छेद देतात, तर दीर्घ श्वासाच्या आकारावर उभी असलेली केसरबाईंची गायकी तिला दुजोरा देते. मन्सूरांची त्याच घराण्यातील गायकी पुन्हा छेद देते. सूत्र चुकीचे नाही; घराणे वयाची अडचण कोठे येईल ते सांगते, तिच्यावर उपाय मात्र गायकाला एकट्याने शोधावा लागतो.

मंडळी आणि वयाची वाटणी

आतापर्यंतचा विचार मुख्य गायकापुरता झाला. समूहाचा प्रश्न त्याहून निराळा आहे आणि त्याचे उत्तर नामांकित रंगमंचांपेक्षा खेड्यांतील देवळात अधिक स्पष्ट दिसते. मुंबई–पुणे लोहमार्गावर कर्जत सोडताच बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरी लागते; खोपोलीचा फाटा येथूनच वेगळा होतो. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाल्यानंतर नाटक मंडळ्यांच्या पुणे–मुंबई प्रवासाची वाट हीच झाली. या परिसरात मंडळ्यांचे तळ पडले नाहीत. पण नाट्यपदांच्या चाली तबकडीवरून व पुढे आकाशवाणीवरून कोकणच्या भजनात उतरल्या आणि अभंगाला नाट्यपदाची चाल लावून गाणे हे बुवाच्या तयारीचे लक्षण मानले जाऊ लागले. पळसदरी हे स्वामी समर्थांच्या मठामुळेही ओळखले जाते. कर्जत–खालापूर पट्ट्यात देऊळ आणि सप्ताह यांच्या आश्रयाने जी भजनी मंडळी टिकून आहेत, त्यांच्याकडे वयाच्या दृष्टीने पाहावयास हवे.

भजनी मंडळीची रचनाच अशी की तीत तीन पिढ्या एकत्र बसतात. बुवा वृद्ध झाला की पेटीची पट्टी खाली येते. तो अभंग उचलतो, पहिले चरण सांगतो, चालीची दिशा ठरवितो. वरच्या स्वरांतील जागा मागे बसलेला तरुण घेतो. झील धरणारे आवाज धृपद उचलून धरतात. पखवाजी लय राखतो. बुवाचा दम संपतो तेथे मंडळीचा दम सुरू होतो. ही मंडळी पूर्वी चांगली गात असे की आता, या प्रश्नाला गावातला श्रोता ज्या बारकाव्याने उत्तर देतो, तो वृत्तपत्रीय परीक्षणात अभावानेच आढळतो. पखवाज आता चांगला आहे, बुवांची उचल पूर्वीसारखीच आहे, झील मात्र विस्कळीत झाली, असे तो सांगतो. तो प्रत्येकाच्या वाट्याचे काम वेगळे ऐकतो.

हीच वाटणी ख्यालगायनातही असते. ती सांगितली जात नाही इतकेच. गंगूबाईंच्या मागे दीर्घकाळ त्यांची कन्या कृष्णा हनगल गात असत. मन्सूरांना पुत्र राजशेखर मन्सूर यांची साथ असे. वृद्ध गायकाने षड्ज लावावा, मागच्या आवाजाने तो लांबवावा. गायकाने तानेची दिशा दाखवावी, शिष्याने ती पुरी करावी. यात लपविण्यासारखे काही नाही. ही गुरुशिष्यपरंपरेचीच रीत आहे. पण परीक्षणकर्ता संपूर्ण श्रेय वृद्ध गायकाच्या अजूनही तयार असलेल्या गळ्यास देतो, तेव्हा तो दोघांवर अन्याय करतो. शिष्याच्या कामाची नोंद होत नाही आणि गुरूने मर्यादेतून काढलेल्या वाटेचीही होत नाही. २००४ साली कृष्णाबाईंचे निधन झाल्यानंतर गंगूबाईंच्या गाण्यातील कोणती जागा रिकामी झाली, हे सांगू शकेल असे लेखन मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाही.

थिरकवा खाँसाहेबांचे उदाहरण या बाजूने पाहता उद्बोधक ठरते. गंधर्व मंडळीत त्यांचा तबला पदाच्या मागे होता. मंडळीपासून दूर झाल्यावर तोच तबला एकलवादन म्हणून स्वतंत्रपणे ऐकला जाऊ लागला आणि १९७६ साली निधन होईपर्यंत त्यांची कीर्ती वाढतच गेली. समूहातील एक घटक वयाबरोबर मोठा होत होता, तर समूहाचे केंद्र त्याच काळात क्षीण होत होते. मंडळी म्हातारी झाली, असे एका वाक्यात म्हणण्याने हे दिसत नाही.

थांबणे आणि न थांबणे

केसरबाईंनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जाहीर मैफली थांबविल्या. आपल्या कसोटीला आपले गाणे उतरत नाही असे वाटताच त्यांनी ते बंद केले. त्यानंतरही त्या तेरा-चौदा वर्षे हयात होत्या. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, पण त्या पुन्हा मंचावर बसल्या नाहीत. या निर्णयाचे कौतुक निग्रह म्हणून होते. परंतु त्यामागे गायकीविषयीचे एक कठोर मतही आहे. सलग श्वास, पूर्ण आकार आणि अखंड तान यांवाचून ती गायकी त्यांच्या दृष्टीने ती गायकीच उरत नव्हती. तिची उतारवयातील आवृत्ती त्यांना मान्य नव्हती. मन्सूरांनी मात्र त्याच घराण्यातून अशी आवृत्ती घडविली.

पं. भीमसेन जोशी यांनी तिसरी वाट घेतली. १९५३ पासून पुण्यात सुरू असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात २००७ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, ते पुन्हा गावयास बसले, तेव्हा श्रोता तानेची उंची मोजावयास आलेला नव्हता. तो पाच दशकांच्या नात्याला भेटावयास आला होता. त्या भेटीचे मोल कोणी नाकारू नये. मात्र परीक्षणाने ती भेट आणि ते गाणे या दोन घटना स्वतंत्रपणे नोंदवावयास हव्या होत्या. पट्टी कोणती होती, स्थायी किती वेळ टिकली, तार षड्ज कोणी लावला, कोणत्या जागा नव्याने सुचल्या, या गोष्टी लिहिल्याने भीमसेनांचा अधिक्षेप झाला नसता. उलट, ज्याने जन्मभर स्वराचा काटेकोरपणा मागितला, त्याच्या गाण्याला तोच काटेकोरपणा मिळाला असता. पुढे भीमसेनांच्या अखेरच्या वर्षांवर कोणी अभ्यासक लिहू म्हणेल, तेव्हा त्याच्या हाती त्या संध्याकाळच्या गर्दीची आणि टाळ्यांचीच वर्णने पडतील.